उतार एकच होता

एका आचार्यांजवळ एकदा एक शिष्य होता आणि डिझेलवर चालणारी एक जुनी मोटार होती. दोघांनाही वळण त्यांनीच लावले होते, आणि दोघांत मोटार कमी कुरकुर करते, असे ते हसून सांगत. डोंगरावरच्या त्यांच्या लहानशा विद्यालयात मोटारीची निगा राखण्याचे काम शिष्याकडे होते. बॅटरी थकलेली असल्यामुळे मोटार नेहमी फाटकाबाहेरच्या उतारावर, तोंड खाली करून उभी करायची, असा तिथला रिवाज होता. किल्लीने सुरू झाली नाही, तर उतार तिला सुरू करी. मात्र उतार संपला की ओढ्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, लागे आणि तिच्या पलीकडे पुन्हा चढ. तिथे अडकलेली मोटार कोणाच्याही बळाने हलणार नव्हती.

एके सकाळी लहानू नावाचा गावकरी आपल्या बायकोला पाठीवर घेऊन धावत आला. सरपण ओढताना ठमाबाईच्या हाताला नाग चावला होता. आचार्यांनी तिचा हात दोन फळ्यांमध्ये अलगद बांधला, तिला मोटारीच्या मागच्या बाकावर निजवले आणि अजिबात हलायचे नाही असे बजावले. रुग्णवाहिका तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. बाजाराचा दिवस असल्याने गावातल्या जीपाही खाली गेलेल्या होत्या. सर्पदंशावरचे इंजेक्शन घाटाखालच्या रुग्णालयात मिळे आणि तिथवर नेणारे वाहन हे एवढेच होते.

शिष्याने किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झाले, क्षणभर धडधडले आणि बंद पडले. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. आता नुसती घरघर झाली. पुन्हा एकदा फिरवली, आणखी एकदा फिरवली. प्रत्येक वेळी घरघर अधिक संथ, अधिक खोल गेल्यासारखी होत होती. मागे वळून पाहिले तर ठमाबाईच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. पुढे पाहिले तर लहानू काचेवर मुठी आपटत होता.

माणसे जमली. कोणी म्हणाले बॅटरी गेली, कोणी म्हणाले ही गाडी भंगारातच घालायला हवी होती, कोणी म्हणाले बोलत काय बसलात, धक्का मारा. एवढे सगळ्यांना पटले. सगळे मोटारीच्या मागे गेले आणि खांदे लावून उभे राहिले. शिष्यानेही गिअर टाकला. आता उतार काय ते करील, असे वाटून त्याला थोडे हलके वाटले.

तेवढ्यात आचार्य पुढे आले. त्यांनी रस्त्याकडेचा एक मोठा धोंडा उचलला आणि पुढच्या चाकाला लावला.

माणसे थक्क झाली. काहींना वाटले, वयामुळे त्यांचे भान सुटले. लहानू तर त्यांच्या अंगावरच धावून गेला.

"गुरुजी, बायको माझी मरतीय. धोंडा काढा."

"काढतो," आचार्य म्हणाले. तेही घाबरलेले होते. मग खिडकीपाशी येऊन त्यांनी शिष्याला हळूच विचारले, "या गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला?"

शिष्य किल्लीकडेच पाहत राहिला. मागे गलका वाढला. कोणी आचार्यांना दूर करा म्हणत होते, कोणी लहानूला धरत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून ठमाबाईचा जड झालेला आवाज आला, "मला म्हंता हलू नको, आन् तुमी सगळ्यांनी हा काय शिमगा मांडलाय?"

गलका थांबला. त्या शांततेत शिष्याला आपले उत्तर टाळता येईना.

"माझा," तो म्हणाला. "सकाळी डिझेलचा फिल्टर बदलला. प्रार्थनेची घंटा झाली म्हणून घाईत लावला. आतली हवा काढायची राहिली असेल."

किल्ली पहिल्यांदा फिरवली तेव्हापासून तो या वाक्याला भीत होता. सगळे गाव आपल्याला काय म्हणेल, लहानू काय करील, हाच विचार त्याच्या मनात होता. लहानूने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मग आता बसलायस काय? काढ की हवा."

शिष्य खाली उतरला. त्याने इंजिनावरचे झाकण उघडले, पाना घेतला आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. मग शेजारचा लहान पंप अंगठ्याने दाबू लागला. आधी नुसती फुसफुस झाली. मग फेस आला. मोटारीच्या आत नळीत हवा अडकली होती आणि तिच्यामुळे डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नव्हते. तो दाबत राहिला. मागून ठमाबाईचा श्वास ऐकू येत होता, आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईपर्यंत त्याचा अंगठा थबके. फेस येत राहिला. शेवटी बुडबुडा नसलेली, स्वच्छ धार आली. त्याने स्क्रू आवळला.

बॅटरीत आता जोर उरला नव्हता. शिष्य पुन्हा चाकामागे बसला, लहानू मागे चढला; आचार्यांनी धोंडा काढला आणि तेही आत बसले. माणसांनी एकच रेटा दिला, मोटार उतारावरून घसरत गेली आणि फरशी येण्याआधीच इंजिन धडधडू लागले. यावेळी ते थांबले नाही.

रुग्णालयात ठमाबाईला आत नेले. लहानू दाराशी उभा राहिला. शिष्य व्हरांड्यात आचार्यांजवळ बसला. त्याच्या बोटांना अजून डिझेलचा वास येत होता आणि आतून काहीच कळत नव्हते. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "चूक माझी आहे हे तुम्हांला आधीच ठाऊक होते का?"

आचार्य म्हणाले, "नव्हते. मला फक्त एवढे दिसले की तू किल्ली पुन्हा पुन्हा फिरवतोस, पण झाकण एकदाही उघडत नाहीस. ज्याला गाडीतले काही समजत नाही, त्याने तसे केले असते तर मला नवल वाटले नसते. तुला समजते. समजणारा माणूस जिथे पाहायचे टाळतो, तिथे त्याची भीती बसलेली असते. तुला ठमाबाईची काळजी होती, ती खरी. पण तिच्याआड तुझी स्वतःचीही काळजी होती, आणि किल्ली तीच फिरवत होती. धक्क्याला सगळे तयार झाले, कारण धक्का मारताना माणूस गाडीच्या मागे असतो. पुढे काय बिघडले आहे ते त्याला पाहावे लागत नाही. अरे, उतार एकच होता. तो आपण आपल्या घाबरण्यावर खर्च केला असता, तर हवा काढून झाल्यावर गाडी खाली ओढ्यात उभी राहिली असती, आणि ती बाई तिच्यात."

दुपार कलताना परिचारिका बाहेर आली. ठमाबाईने डोळे उघडले होते आणि नवरा जेवला का, असे विचारले होते. लहानू भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला. शिष्य त्याच्याजवळ गेला. "आपला जो वेळ गेला, तो माझ्यामुळे गेला," एवढेच तो म्हणाला. या वेळी त्याला कोणी विचारले नव्हते.

अडलेल्या कामाला बळ लावण्यापूर्वी, आपला हात त्याला शेवटी कुठे लागला होता, ते ज्याने त्याने पाहावे.