भाच्याची भिक्षा

"मामांशिवाय माझी काही किंमत आहे की नाही, तेवढं सांगा महाराज."

जयवंतराव खुटाळे मठाच्या ओट्यावर भानुनाथ महाराजांपुढे बसले होते. मामा दिल्लीतले मोठे पुढारी. भाचा तीनदा आमदार, एकदा मंत्री. मग त्याच्या संस्थेला मिळालेल्या सरकारी जमिनीचं प्रकरण निघालं आणि मंत्रिपद गेलं. या खेपेला मामांनी तिकीटही कापलं. अपक्ष उभं राहायचं, तर अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस.

"जमिनीवरून एवढी बोंब का झाली?" भानुनाथांनी विचारलं.

"मी त्यांचा भाचा म्हणून."

"आणि सव्विसाव्या वर्षी आमदार झालास, तो?"

"माझ्या कामावर."

"कोणतं काम?"

नाथांनी खुंटीवरची झोळी काढून त्यांच्या हातात दिली. मठाचा नियम असा: पाच घरं मागायची. दारात एकदा 'अलख' म्हणायचं. दुसरा शब्द नाही.

जयवंतराव दुपारी परतले. झोळी फुगली होती.

"मामांचं नावसुद्धा काढलं नाही. तरी बघा!"

नाथांनी झोळी ओतली. बुंदीचे लाडू. शाल, नारळ. पोराच्या नोकरीसाठी मामांच्या नावे विनंतीपत्र. एक लग्नपत्रिका, तिच्यावर पेनानं लिहिलेलं, 'साहेबांना घेऊनच या.' आणि तळाशी अर्धी भाकरी, एक कांदा.

"ही कुणी दिली?"

"माळावर पाल टाकलंय, तिथल्या धनगरणीनं. तिनं ओळखलंच नाही मला. म्हणाली, एवढा धडधाकट बाप्या, मागायला लाज नाही वाटत? चार शिव्या दिल्या... आणि आपल्या ताटातली मोडून दिली."

बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला.

नाथांनी भाकरी त्यांच्यापुढे सरकवली.

"खा."

"आणि बाकीचं?"

"मामांना पोचतं कर."

जयवंतराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले, पोटातून. बुक्कीनं कांदा फोडला. भाकरी सावकाश चावून खाल्ली. मांडीवर पडलेला तुकडाही उचलून तोंडात टाकला.

"महाराज... उद्याचा अर्ज?"

"पोट भरलं?"

"भरलं."

"मग घाई कसली?"