आधी पडलेली चिंच

घोंगडीशहा महाराज चिंचोलीत कुठून आले, हे कोणालाच ठाऊक नाही. पण ते कुठे बसत, हे गावातलं शेंबडं पोरही दाखवील! ओढ्याच्या काठी, मोठ्या चिंचेखाली, मुळांनी आपसूक करून दिलेल्या खोबणीत. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काही नाही, आणि तोंडावर असं हसू की रागावून आलेला माणूस आधी खाली बसायचा आणि मग आपण कशाला रागावलो होतो ते आठवत राहायचा. पिंजारी-मुलाणी त्यांना बाबा म्हणत, माळी-मराठे महाराज म्हणत. ते दोन्ही हाकांना ओ देत. गोष्ट फार जुनी आहे, गावात तेव्हा पिठाची गिरणीसुद्धा नव्हती. पण आपल्याकडे ती अजून गरम आहे, चुलीवरून आत्ता उतरवल्यासारखी, म्हणून तुम्हां भाविकांपुढे तशीच वाढते.

त्या गावात बशीर पिंजारी राहत होता. खांद्यावर पिंजण टाकून तो गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत फिरे. घरी बायको रहमतबी आणि एकुलती मुलगी जैतून. त्या वर्षी रहमतबीला तापाने असं धरलं की उतरायचं नावच नाही. हकिमाच्या पुड्या झाल्या, वैद्याचे काढे झाले. बाई वाळून वाळून हंतरुणाला चिकटली. एका सकाळी जैतून ओढ्यावर पाण्याला गेली आणि भरलेली घागर महाराजांपुढे ठेवून हमसाहमशी रडू लागली.

महाराजांनी घागरीवर हळूच फुंकर घातली. म्हणाले, "ने, पाज आईला. आणि तिला सांग, मला भूक लागलीय."

काय सांगू! दिवस मावळायच्या आत रहमतबीच्या कपाळाला घाम फुटला आणि ताप उतरला. तिने पडल्या पडल्याच हात जोडले. "महाराजांना म्हणावं, माझ्या चुलीवर, माझ्या घरचा दालचा करून तुम्हांला पोटभर जेवू घालीन."

निरोप ऐकून महाराज खूश झाले. "पोटभर बरं का! नाहीतर लोक चमचाभर वाढतात आणि घागरभर मागतात."

आता दालचा म्हणजे काय ते आपल्या भागात सांगायला नको, तरी नव्याने आलेल्यांसाठी सांगते. हाडाचं मटण आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवलेलं दाट, झणझणीत कालवण. त्यात आलं-लसूण, लाल होईतो परतलेला कांदा, दुधीच्या फोडी, चिंचेचा कोळ आणि वरून कढीपत्त्याची फोडणी. भाकरी कुस्करून त्यात भिजवावी आणि मग कोणाशी बोलू नये!

पण नवसाचा दालचा म्हणजे नुसतं जेवण नव्हे. चिंचोलीची एक रीत होती. नवसाचं जेवण वाढण्याआधी गावातली सगळ्यांत मोठी सुगरण चुलीपाशी यायची, डाळीचा दाणा चिमटीत धरून दाबायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "शिजला!" मगच पंगत बसायची. या रीतीला चिमटा बघणं म्हणत. आणि दाणा कच्चा निघाला तर? तर नवस कच्चा. ते अन्न ओढ्याकाठी पुरून टाकायचं. आणि लोक मानत की ज्या दुखण्यासाठी नवस बोलला, ते दुखणं आल्या वाटेने परत घरी येतं.

हा चिमटा बघायचा मान होता हुसेनबीचा. गावातलं मोठं दगडी घर तिचं. गावच्या पिराच्या उरुसाच्या मोठाल्या देगी तिच्या देखरेखीखाली शिजत, आणि खरं ते खरंच म्हणायला हवं, हाताला चव होती. पण त्या चवीचा गर्व मिठापेक्षा जास्त! तिच्या मनात एक सल होता. दर उरुसाला ती महाराजांपुढे केवढं मोठं ताट ठेवायची, महाराज दोन घास घेत, हसत आणि उठत. आणि आता तेच महाराज पिंजाऱ्याच्या घरी पोटभर जेवणार होते, तेही स्वतः मागून!

पाणवठ्यावर जैतून दिसली की हुसेनबी मोठ्याने म्हणे, "काय गं, आई तर अजून उठून बसत नाही. दालचा तू करणार?"

"हो खाला, मीच करणार. अम्मा सांगेल तसं."

"बघ हं, पिंजाऱ्याच्या घरचं कालवण! महाराजांच्या दातांत कापूस अडकायचा." बाया फिदीफिदी हसत. "आणि तुझी डाळ शिजेपर्यंत महाराजांची दाढी ओढ्यापर्यंत पोचेल."

जैतून लाल व्हायची, पण मान वर ठेवायची. आजवर तिने भाकऱ्या थापल्या होत्या, वरण केलं होतं, अम्माच्या आजारपणात सगळं घर सांभाळलं होतं. दालचा का नाही येणार?

ठरल्या बुधवारी बशीरने खाटकाच्या घरची लग्नाची गादी पिंजून दिली आणि त्याबदल्यात नळ्या-बरगड्या घेऊन आला. त्या घरात वर्षातून एकदा येणारं मटण ते. पुन्हा आणायची सोय नव्हती. पाणी, सरपण भरून देऊन तो महाराजांना आणायला ओढ्याकडे गेला. रहमतबी आत पडून एकेक सांगत होती आणि जैतून बाहेर चुलीपाशी करत होती. कांदा परतला, आलं-लसणाचा वास उठला, मटणाला हळद-तिखट लागलं, डेगचीत भिजलेली डाळ पडली. सांगता सांगता रहमतबीचा अशक्तपणाने डोळा लागला.

आता जैतून एकटी. समोर वाटीत चिंच भिजत होती. तिने लहानपणापासून पाहिलं होतं की दालच्याच्या दिवशी अम्मा सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांत आधी चिंच भिजवते, डाळ निवडायच्याही आधी. मग जे आधी भिजवलं ते आधीच घालायचं असणार, नाही का? अम्माला उठवायला नको, आपल्याला कळतंय की! तिने कोळ काढला, गाळला आणि डेगचीवर वाटी धरली.

नेमकी त्याच वेळी हुसेनबी दारात उभी. विस्तव मागायचं निमित्त करून बघायला आली होती. तिने पाहिलं. कच्च्या डाळीवर चिंच! तिचे ओठ उघडले. एक शब्द पुरला असता. "थांब पोरी," एवढंच.

पण ओठ मिटले. हुसेनबीने विस्तव घेतला, पदर सावरला, "चालू दे, चालू दे," म्हणाली आणि गेली.

ज्यांनी डाळ शिजवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जाळ भडकला, मटण मऊ झालं, रस्सा रटरटला, अंगणभर वास दरवळला. डाळ मात्र दगड! जैतूनने लाकडं सारली, झाकण ठेवलं, झाकण काढलं, वरून आधणाचं पाणी घातलं. दाणा टणकच.

एवढ्यात शेजारची ठकूबाई माळीण कुडावरचा दुधी घेऊन आली. "हे घे. आणि मला वाटीभर ठेव गं, माझा गुरुवार उद्या आहे, आज चालतंय मला!" म्हणत तिने डेगचीत वाकून पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "अगं, डाळ उमललीच नाही. चिंच कधी घातलीस?"

"आधीच. डाळीबरोबर."

"अगं बया बया! आंबट आधी पडलं की डाळ हट्टाला पेटते, माझे आई. आता सरपण जाळ नाहीतर घर जाळ, ती काही शिजायची नाही!"

जैतूनच्या हातातली पळी तशीच राहिली. आतून रहमतबीचा बारीक आवाज आला, "जैतून, वास किती छान येतोय गं! महाराज खूश होतील."

भाविकहो, त्या पोरीच्या छातीत काय झालं असेल! हे अन्न मातीत जाणार. आणि तो ताप ओढ्याकाठून उठून परत याच दारात येणार, आपल्या अम्माच्या उशाशी बसणार, आणि त्याला आणणारे हात आपलेच. तिने हुंदकाही फुटू दिला नाही, आत अम्मा ऐकेल म्हणून.

"पळ, महाराजांना थांबव," ठकूबाई कुजबुजली.

पण कोण थांबवणार? महाराज घोंगडी सावरत गल्लीत शिरलेच होते. मागे बशीर, त्याच्यामागे अर्धा गाव, आणि त्या गर्दीच्या पुढे ठेवणीतलं लुगडं नेसलेली हुसेनबी.

महाराज सरळ चुलीपाशी जाऊन मांडी घालून बसले. "वाढ पोरी. भूक लागलीय."

"आधी चिमटा, बाबा," हुसेनबी पुढे झाली. "गावाची रीत आहे."

तिने पळीने डाळ काढली, एक दाणा चिमटीत धरला, दाबला. दाणा सटकून टण्णकन झाकणावर वाजला. सगळ्यांनी ऐकला तो आवाज!

"कच्चा!" हुसेनबी म्हणाली. "मी म्हटलंच होतं. नवस कच्चा."

दारात आवाज झाला. रहमतबी भिंत धरत धरत उठून आली होती. चेहरा कापसासारखा पांढरा. जैतून धावली आणि तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "अम्मा, मी चिंच आधी घातली. मला वाटलं आधी भिजवतात ती आधी घालतात. चूक माझी आहे. महाराज, ताप यायचाच असला तर मला येऊ दे, अम्माला नको."

ठकूबाईने पदर तोंडाला लावला.

महाराज मात्र शांत. त्यांनी खांद्यावरची घोंगडी उतरवली आणि तिचं टोक डेगचीवर झाकणासारखं पसरलं. खाली जाळ, आणि लोकर कोरडी! लोक "अहो महाराज, पेटेल!" म्हणेपर्यंत महाराज म्हणाले, "जाळ मंदावलाय. हुसेनमाय, तुझा हात मोठा. जरा फुंक ना."

हुसेनबीला चुलीपुढे बसून वर्षं झाली होती, तिच्या हाताखाली माणसं फुंकायची. पण महाराजांचा शब्द! ठेवणीतलं लुगडं आवरत ती बसली. फुंकणी उचलली, फुंकलं. जाळ विझला. पुन्हा फुंकलं, धूर उठला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, काजळ गालांवर उतरलं. वाळलेली बाभळीची लाकडं, पण ठिणगी म्हणून धरेना.

"फुंक माय, फुंक," महाराज मायेने म्हणाले. "आत काही अडकलं असेल तर आधी ते काढ."

हुसेनबीने फुंकणी उलटी करून जमिनीवर आपटली. काही पडलं नाही. तिने वर पाहिलं. महाराज तिच्याकडे बघत होते, तेच हसू, त्यात राग नाही, टोमणा नाही. समोर रहमतबी पोरीच्या आधाराने थरथरत उभी. हुसेनबीचा हात खाली आला.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

"काय म्हणालीस हुसेनबाई?" ठकूबाईने विचारलं.

"पोरगी चिंच घालत होती तेव्हा मी दारात होते. मला ठाऊक होतं काय होणार. एक शब्द बोलले असते तर..." तिने फुंकणी खाली ठेवली. "बोलले नाही. महाराज माझ्या घरी कधी पोटभर जेवले नाहीत, म्हणून बोलले नाही. कच्चेपणा माझा आहे. नवस हिचा पक्काच होता."

शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि चूल भप्पकन पेटली! कोणी फुंकलं नव्हतं. घोंगडीखाली डेगची गदगदली, आतून असा आवाज आला जसा पावसाळ्यात ओढ्याला येतो. महाराजांनी घोंगडी उचलली. लोकरीचा एक धागा करपला नव्हता. आणि आत? अहाहा! डाळ उमलून, फुटून, मटणाच्या रसात विरघळून गेली होती. सोन्यासारखा दाट दालचा, वर तेलाची लाल तर्री!

"चिमटा बघ, हुसेनमाय," महाराज म्हणाले.

हुसेनबीने चिमटीत दाणा धरला. दाबायची गरजच पडली नाही, लोण्यासारखा विरला. तिने म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी सगळं अंगणच ओरडलं, "शिजला!"

ठकूबाईने दुधीच्या फोडी टाकून शिजवल्या, जैतूनने कढीपत्त्याची चरचरीत फोडणी दिली, आणि महाराज जेवले. किती जेवले म्हणता! भाकरी कुस्करली, वाटी पुसली, पुन्हा वाटी पुढे केली. मग बोटं चाटत रहमतबीला म्हणाले, "आणि काय गं, मी दिलेलं कधी परत घेतो, असं तुला कोणी सांगितलं? कच्चं असतं तरी खाल्लं असतं मी. पोरीने रांधलंय ना! शिजवायचं होतं ते दुसरंच काही."

हुसेनबीने महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे नको. ती बघ, आजारी बाई केव्हाची उभी आहे. तिला वाढ."

मग गावाने जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. दगडी घरच्या हुसेनबीने रहमतबीला हाताला धरून बसवलं, स्वतः वाटी भरली, नळीतला मगज काढून वर ठेवला, फुंकर घालून निववला आणि पहिला घास तिच्या तोंडात दिला. आणि मग पिंजाऱ्याच्या सारवलेल्या अंगणात, सगळ्यांदेखत, जैतूनपुढे तिने मान लववली.

जैतून घाबरून मागे सरली. "असं काय करता खाला! मला शिकवा ना, चिंच केव्हा घालायची ते."

हुसेनबी रडता रडता हसली आणि त्या दिवसापासून तिने जैतूनला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. रहमतबीला पुन्हा ताप आला नाही. ती नातवंडं खेळवून, केस पिकवून, समाधानाने गेली.

महाराज गेल्यापासून त्यांचाही उरूस भरतो, आणि त्याला आजही चिंचेखाली दालचा शिजतो. डाळ पडली की लगेच, कच्च्या डाळीवरच, एखादी लहान मुलगी चिंचेचा कोळ ओतते. आणि ती वाटी वाकडी करते न करते तोच भोवतीच्या सगळ्या बाया एका सुरात ओरडतात, "थांब पोरी!" मग हशा पिकतो आणि कोळ पडतो. त्या हुसेनबीच्या न बोललेल्या शब्दाची ती भरपाई. महाराजांची कृपा अशी की डाळ दर वर्षी शिजते. चिमटा बघणारी बाई मात्र दाण्याला हात लावण्याआधी चुलीपुढे कपाळ टेकते. ही रीत हुसेनबीनेच घातली. तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या उरुसाला तिला चालवत नव्हतं, तेव्हा जैतूनने तिला धरून आणलं होतं. तिने चुलीपुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललंच नाही. जैतूनने वाकून ऐकलं तर म्हातारी पुटपुटत होती, "महाराज, जाळ पेटवलात, फार उपकार झाले."