बिनखिळ्याचा मठ

आधी पाय पांघरुणात घ्या, मग सांगते. लांब उत्तरेला, जिथं सहा महिने बर्फ असतो ना, तिथं होता एक लाकडी मठ. त्यात लोखंडाचा एक खिळा नाही. ओंडक्यात ओंडका अडकवून उभा केलेला, डोक्यावर कांद्यासारखे तीन घुमट. येशूची भक्ती करणाऱ्या बारा संन्यासिनी तिथं राहायच्या. त्यातली अन्फिसा सुताराची लेक. तिचा मठावर भारी जीव.

एकदा काय झालं, मठ कलला. राजाचा निरोप आला, बर्फ पडायच्या आत सरळ करा, नाहीतर पाडून टाकू. बर्फाच्या भारानं तो तुमच्याच अंगावर यायचा. मग अन्फिसानं कुऱ्हाडीच्या पाठीनं एकेक ओंडका ठोकून पाहिला. चांगलं लाकूड ठणठण बोलतं, बरं का. सगळ्यात खालचा ओंडका मात्र भद्द वाजला.

तो काढायचा तर मठ उचलायला हवा, म्हणून मठाखाली लाकडी पाचरी लावल्या. घंटेचा एक टोल, की सगळ्यांनी मिळून पाचरींवर एकच घाव. कुणी मागंपुढं झालं, की मठ आडवा. पहिल्या टोलाला दारं करकरली. दुसऱ्याला देवाची तसबीर खाली आली. तिसऱ्याला मठ बोटभर उचलला आणि ओंडका सुटला.

ओढून काढला तर वरून काळा कुळकुळीत, आत नुसता भुगा. अन्फिसानं तो भुगा चिमटीत घेऊन पाहिला. दर सणाला मायेनं त्याला डांबराचा जाड थर कोण द्यायचं? तीच. लाकडाला वारा लागेना, आत मुरलेलं पाणी आतच राहिलं. मठाची थोरली आई मोठी रागीट. तरी अन्फिसानं तिला सांगून टाकलं, "आई, हा मीच कुजवला."

थोरली आई म्हणाली, "मग नवा बसवायचाही तूच."

मग नवा ओंडका सरकवला, तर तो अर्ध्यावर अडला. वरून बर्फाची भुरभुर सुरू. मग अडलेली बाजू तासायला अन्फिसा पोटावर सरपटत मठाखाली गेली. एक पाचर निसटली असती ना, तर बाईची चटणीच झाली असती. आतून कुऱ्हाडीचे बारीक घाव ऐकू यायचे. मग तेही थांबले. बाहेर अकरा जणींना हाक मारायचा धीर होईना.

मग आतून आवाज आला, "ढकला."

ओंडका आत गेला. बाई बाहेर आली. पाचरी काढल्या, तसा मठ एकदा कण्हला आणि सरळ बसला. थोरल्या आईनं अन्फिसाच्या डोईच्या फडक्यावरचा भुसा झटकला आणि त्या दिवशी तिचं ताट आपल्या हातानं वाढलं, सगळ्यांच्या आधी.

पुढं त्या बारा जणी तिथं पुष्कळ वर्षं सुखानं नांदल्या. झालं. आता बघू, आधी डोळे कोण मिटतंय.