फौजदारांचा चहा

फौजदार रणदिवे कधी कुणाला पाणी विचारतील तर शपथ! त्यांनी चहा मागवला, वर क्रीमची बिस्किटं ठेवली, तेव्हाच मयुरीच्या मनात पाल चुकचुकली.

मयुरी गवंडी सोळा वर्षांची. बाजारात मोबाइल चोरल्याचा आळ तिच्यावर आला होता आणि थोड्याच वेळात तिला बाल न्याय मंडळापुढे उभं राहायचं होतं.

"पोरी, वकिलाच्या नादी लागू नकोस," फौजदार लाडाने म्हणाले. "ते नुसत्या तारखा वाढवतात. 'मला वकील नको' एवढंच लिहिलंय या कागदावर, सही कर आणि आजच घरी जा."

चोर ठरवलेल्या पोरीचा एवढा कळवळा? मयुरीने चहा प्यायला, बिस्किटंही संपवली, पण पेनाला काही हात लावला नाही.

तरी मंडळापुढे फौजदारांनी तो कागद सरकवलाच. "मॅडम, पोरगी समजदार आहे. वकील नको म्हणते. फक्त सही राहिलीय."

न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं का गं?"

"मॅडम, शाळेच्या सहलीला जायचं तर माझी सही चालत नाही, वडलांची लागते," मयुरी म्हणाली. "सहलीला जायला मी लहान, आणि वकील सोडायला तेवढी मोठी?"

मॅडमनी कागद फौजदारांकडे परत सरकवला आणि सरकारी खर्चाच्या वकिलाला लगेच बोलावणं धाडलं.

वकील येईपर्यंत तासभर गेला. फौजदार समोरच बसून होते, पण चहाचं नाव काही त्यांनी काढलं नाही.