गालातले चिंचोके

त्या दिवशी सकाळी थंडी होती, पण बोचरी नव्हती. नदीवर धुकं पिंजलेल्या कापसासारखं पसरलं होतं आणि त्यातून ऊन अगदी दमादमानं वर येत होतं. वारा नाही, ढग नाही. पोरांनो, असा दिवस उजाडला की माणसाचं काय, जनावराचंही पाऊल घरात ठरत नाही. मग नदीकाठच्या उंबरावर जे माकडाचं कुटुंब राहत होतं, त्यांची काय गत झाली असेल? पोरं तांबडं फुटायच्या आधीपासून फांद्या हलवत होती. "अप्पा, उठा! अप्पा, चला!" कारण आज सगळे खेळवनात जाणार होते.

आता खेळवन म्हणजे काय, ते आधी सांगतो. घाई करू नका. नदी जिथे वळते, तिथे जंगलातल्या जनावरांनी मिळून खेळ मांडले होते. पाणमांजरांनी ओल्या मातीची लांबच लांब घसरगुंडी केली होती, ती थेट पाण्यात जाऊन पडायची. गवा एक मोठं लाकडी चक्र फिरवायचा, त्यावर बसलं की जंगल गरगरायचं. हत्ती सोंडेनं फवारे उडवायचा. आणि सगळ्यांत वर, दोन उंच सागांच्या मधे वेलींचा आभाळझोका होता. वानरं तो ढकलायची, आणि झोका नदीच्या पार मध्यापर्यंत जाऊन परत यायचा. खालून बघणाराच डोळे मिटून घ्यायचा, मग वर बसलेल्याचं विचारूच नका.

माकडाची तीन पोरं. थोरला, मधली आणि धाकटी. धाकटीचा सगळा जीव त्या आभाळझोक्यात अडकला होता. मागच्या साली ती रांगेत उभी राहिली, तर म्हाताऱ्या वानरानं तिची शेपटी वारुळाला लावून पाहिली. ज्याची शेपटी वारुळाच्या शेंड्याला पोचेल, त्यालाच झोका, असा तिथला नियम. धाकटीची शेपटी मधेच संपली. ती घरापर्यंत रडत आली. तेव्हापासून ती रोज सकाळी फांदीला लोंबकळून शेपटी ताणायची आणि विचारायची, "अप्पा, वाढली का?"

यंदा वाढली होती.

त्या जंगलात चिंचोक्यांवर व्यवहार चाले. आणि माकडांची रीत अशी, की घरातले सगळे चिंचोके घरच्या कर्त्यानं आपल्या गालात ठेवायचे. बापानंही ठेवले. वर्षभर जमवलेले चिंचोके दोन्ही गालांत भरले, तेव्हा त्याचं तोंड पिकल्या फणसासारखं दिसायला लागलं. माकडीण म्हणाली, "अहो, झोक्याचे चिंचोके त्यातच आहेत, ध्यानात आहे ना? वाटेत तोंड उघडू नका. कुणी काही मागितलं तर नुसती मान हलवा."

"हं," बाप म्हणाला. याहून जास्त त्याला बोलताच येत नव्हतं.

खेळवनात पोचले आणि पोरांच्या अंगात वारंच शिरलं. घसरगुंडीवरून थोरला पोटावर घसरला, मधली पाठीवर, आणि धाकटी चक्क उलटी, शेपटी पुढे करून! धपाक, धपाक, धपाक! तिघंही पाण्यातून वर आली ती खिदळतच. पाणमांजर ओरडलं, "अरे, ही माकडं आहेत का मासे?"

इथवर सगळं झकास चाललं होतं. पण घसरगुंडीतून बाहेर पडायची वाट होती एका दुकानावरून. खेळ कुठलाही असो, बाहेर पडताना दुकान लागणारच, अशी ती मांडणीच होती. दुकानदार होता टकाचोर. तपकिरी अंगाचा, लांब शेपटीचा, गोड गळ्याचा पक्षी. त्यानं फांदीवर मोरपिसांचे तुरे, शिंपल्यांच्या माळा, भोपळ्याचे खुळखुळे आणि सापाच्या कातीचे पट्टे टांगून ठेवले होते.

"या, या, धाकटे सरकार! नुसतं बघा. बघायला काही पडत नाही!"

झालं. पोरं थबकली. "अप्पा, मला तुरा!" "अप्पा, मला खुळखुळा!" "अप्पा, तिला घेतला तर मला पण!"

बापानं मान जोरात हलवली. 'नाही' म्हणून आडवीच हलवली हो त्यानं. पण गाल एवढे जड, की मान आडवी जायच्याऐवजी खाली झुकली आणि वर आली. टकाचोर लगेच म्हणाला, "हो म्हणाले! अप्पा हो म्हणाले! किती दिलदार बाप आहे!"

"अरे, हो नाही म्हणालो!" बाप ओरडला. आणि ओरडायला तोंड उघडलं मात्र, चिंचोके भसकन बाहेर आले. टपटप टपटप दुकानासमोर सांडले. टकाचोरानं ते चोचीनं भराभर वेचले, आणि तुरा, खुळखुळा, माळ पोरांच्या हातात ठेवून म्हणाला, "पोचले हं! पुन्हा या!"

चक्रावरून उतरल्यावर हेच झालं. फवाऱ्यातून निघाल्यावर पुन्हा हेच. टकाचोर इथून उडून तिथल्या दुकानात आधीच हजर. मागायला पोरांचं काहीच जात नव्हतं. बाप मान हलवायचा, ती होकाराची व्हायची. बाप रागवायचा, तेवढे चिंचोके सांडायचे. तुऱ्याचं पीस घसरगुंडीच्या चिखलात कधी पडलं, कुणाला पत्ता नव्हता. खुळखुळ्यासाठी थोरला आणि मधली भांडली आणि खुळखुळा फुटला. तरी पुढच्या दुकानासमोर दोघं नव्यानं नाचायला तयार!

माकडीण म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, बोलू नका?"

"न बोलून तरी काय झालं?" बाप म्हणाला, आणि आणखी दोन चिंचोके पडले.

दुपार कलली. धाकटी बापाच्या खांद्यावर बसली होती. तिनं हळूच त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अप्पा, तुमचा एक गाल बसला."

बापानं गाल चाचपले. एक गाल रिकामा, दुसरा निम्मा. अजून एखादं दुकान लागलं, तर आभाळझोका गेलाच म्हणायचा. आणि झोक्याच्या वाटेवर दुकान होतंच.

पहिल्यांदा त्याला राग आला. वाटलं, सरळ सगळ्यांना शेपटीला धरून घरी न्यावं. पण धाकटीची वाढलेली शेपटी त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलेली होती. कसं नेणार? तो एका करंजाखाली बसला. मग त्यानं एक मोठं पान घेतलं आणि उरलेले सगळे चिंचोके त्यावर ओतले.

"अहो, हे काय?" माकडीण घाबरली. "लोक बघताहेत!"

"बघू देत." तोंड रिकामं झाल्यावर बापाला मोकळं बोलता आलं. "पोरांनो, जवळ या. उरलं ते एवढंच." त्यानं चिंचोक्यांचे तीन सारखे वाटे केले. "हा तुझा, हा तुझा, हा तुझा. ज्याचा त्यानं आपल्या गालात ठेवायचा. झोका यात बसतो, वर थोडं उरतं. झोका घ्या, नाहीतर दुकानातलं घ्या. मी हो म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. मात्र संपलं की संपलं. माझ्याकडे आता काही नाही." आणि त्यानं तोंड उघडून आत दाखवलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. आजवर कुठल्या माकडाच्या पोरानं गालात घरचं धन ठेवलं नव्हतं. तिघांचे गाल फुगले आणि तिघंही एकदम ताठ चालायला लागली. मधली तर पाय जपून टाकत होती, जणू डोक्यावर भरलेली घागर घेतली आहे.

झोक्याच्या वाटेवर टकाचोर वाटच बघत होता. "या, या, सरकार! अप्पा, मान हलवा!"

बाप म्हणाला, "मला कशाला विचारतोस? धनी पुढे चाललेत."

मधलीनं बांबूची शिट्टी उचलली. सकाळी असती तर एव्हाना तिनं हट्ट धरून पाय आपटले असते. आता तिनं जिभेनं गालातले चिंचोके चाचपले, शिट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "हिला तडा गेलाय. निम्म्यात देतोस तर बोल."

"निम्म्यात? अगं, माझी पिल्लं उपाशी राहतील!"

"मग राहू दे." ती चालायला लागली.

"अगं थांब, थांब! घे बाई, घे!" टकाचोराची शेपटीच खाली आली. बापाला हसू आवरेना. तो झाडाकडे तोंड करून हसला.

थोरला मात्र सापाच्या कातीच्या पट्ट्यासमोर उभा राहिला तो राहिलाच. पट्टा कमरेला लावून पाहिला. "वाघ दिसताय, वाघ!" टकाचोर म्हणाला. थोरल्यानं एकदा झोक्याकडे पाहिलं, एकदा पट्ट्याकडे. बापाच्या घशाशी शब्द आले होते. 'अरे, झोका जाईल!' पण त्यानं दात आवळून धरले. आता बोललो, तर मग वाटे कशाला केले? थोरल्यानं गाल रिकामा केला आणि पट्टा घेतला.

उरली धाकटी. ती झोक्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तर टकाचोर तिथेही आला! चोचीत दोऱ्याला बांधलेला अभ्रकाचा तुकडा. कलत्या उन्हात तो असा चमकला, की धाकटीच्या डोळ्यांत सोनं सांडलं. टकाचोरानं दोरा फांदीला अडकवला आणि तुकडा गरगर फिरवला. "शेवटचा आहे, ताईसाहेब. जवळ असलेले सगळे द्या आणि न्या."

धाकटीचा गाल हलला. बापाला दिसलं, तिची जीभ चिंचोके पुढे ढकलते आहे. वर्षभर ताणलेली शेपटी, वर्षभराचं 'वाढली का', सगळं त्या एका तुकड्यावर जाणार होतं. त्यानं माकडिणीचा हात घट्ट धरला. माकडीण कुजबुजली, "अहो, बोला ना काहीतरी!" त्यानं मान हलवली, आणि गाल रिकामे असल्यानं ती आता आडवीच हलली.

धाकटीनं चिंचोके तसेच गालात धरून विचारलं, "ऊन गेल्यावर पण हा चमकेल?"

टकाचोरानं मावळतीकडे पाहिलं. "ऊन काय, उद्या पुन्हा येईलच की!"

"मग उद्या बघू," धाकटी म्हणाली, आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

म्हाताऱ्या वानरानं तिची शेपटी वारुळाला लावली. पोचली! शेंड्याच्या वर चार बोटं! धाकटीनं आपले चिंचोके स्वतः मोजून त्याच्या हातावर ठेवले, शिट्टीवाली मधली तिच्या शेजारी बसली, आणि वानरांनी वेल मागे ओढली. "धरून बसा गं पोरींनो! हुप्प!"

सुटला झोका! सागाची पानं मागे गेली, काठ मागे गेला, खाली लाल झालेलं पाणी आणि वर नुसतं आभाळ. मधली शिट्टी फुंकत होती आणि धाकटी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "अप्पाऽऽ! आपलं झाड दिसतंय! आईऽऽ! आपला उंबर दिसतोय!" बाप खाली टाळ्या पिटत नाचत होता. आपण मोठे आहोत, कर्ते आहोत, हे तो साफ विसरला होता.

थोरला खाली उभा होता. त्याचे डोळे झोक्याबरोबर जात-येत होते. बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागवला नाही, समजावलंही नाही. थोरला म्हणाला, "अप्पा, पट्टा बरा आहे. पण पुढच्या साली मी आधी झोका घेईन." मग तो धावत वानरांकडे गेला आणि त्यांच्याबरोबर वेल ओढायला लागला. "अजून उंच! अजून उंच!"

तेवढ्यात पलीकडच्या जांभळावर राहणारा शेजारी माकड तिथे आला. त्याचे दोन्ही गाल बसलेले. पोरांच्या गळ्यात माळाच माळा, हातात तुरेच तुरे, आणि तरी सगळी रडत होती. झोक्याला चिंचोके उरले नव्हते ना! शेजारी मटकन खाली बसला. "काय रे, तुझी पोरं हसताहेत कशी? जादू केलीस की काय?"

बापानं त्याला पानावरच्या वाट्यांची गोष्ट सांगितली. थोरल्याचा पट्टाही सांगितला, लपवलं नाही. शेजाऱ्यानं आपले रिकामे गाल चोळत सगळं ऐकून घेतलं.

तात्पर्य : ते मी कशाला सांगू? शेजारीच म्हणाला, "बापाच्या गालातलं मागताना पोराला काही वाटत नाही, पण आपल्या गालातलं काढताना ते दहादा बघतं. नुसतं 'नको नको' करत बसण्यापेक्षा थोडं त्याच्या स्वाधीन करावं, आणि चुकलं तर चुकू द्यावं, तेव्हा कुठे ते निवडायला शिकतं. पण भल्या माणसा, हे मला सकाळी सांगायचं होतंस!"