खोक्यातल्या बाहुल्यांचा खेळ

फार लांबची नाही, त्या निळ्या डोंगराच्या पलीकडचीच गोष्ट. तिथे नऊ वर्षांची मंजुळा आई आणि पाच वर्षांच्या गोप्याबरोबर राहायची. आई बांबूच्या टोपल्या विणायची. घरात कधी भाकरी, तर कधी नुसतीच पेज. पण मंजुळेला खरी काळजी होती धाकट्या भावाची. तापातून उठल्यापासून गोप्या पाय जमिनीला टेकवीना. वैद्यबुवा म्हणाले, "पाय ठणठणीत आहे. पण पोर उभा राहिला नाही, तर पाय वाळेल हो." आईने विनवलं, मंजुळेने गूळ दाखवला. गोप्या आपला भिंतीला चिकटून! त्यात जत्रेतल्या दोऱ्यांवर नाचणाऱ्या बाहुल्या हुकल्या, म्हणून फुगलेला.

"थांब, बाहुल्याच घरी आणते," मंजुळा म्हणाली. बोलून तर बसली! मग दुकानातून रिकामा खोका मागून आणला, आईच्या फाटक्या लुगड्याचा पडदा लावला, बांबूच्या कामट्यांचे राजा, राणी आणि मोर केले. डोळ्यांसाठी सीताफळाच्या काळ्या बिया वेचायला ती रानात गेली.

तिथे कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी अडकली होती. जांभळे पंख, चमचमता झगा! मंजुळेने एकेक तंतू अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी!" परी किणकिणली. "माग तीन गोष्टी. पण मुठीत मावेल तेवढंच. आणि तयार वस्तू मी देत नाही हं. करायचं तुझं तू."

"गोप्याचा पाय बरा करशील?"

"तो मुठीत कसा मावेल, वेडाबाई?"

मंजुळा हिरमुसली. मग तिने मूठभर रंग मागितले, मोरपिशी, केशरी, गुलाबी. नंतर मूठभर दोरा, कधीच न गुंतणारा. तिसरं मागणं राखून ठेवलं.

तीन दिवस ती खपली. चौथ्या दिवशी संध्याकाळी शेजारची मुलं ओसरीवर जमली. आईने गोप्याला खोक्याशेजारी आणून बसवलं. परीही खिडकीत येऊन बसली, पण दिसली फक्त मंजुळेला. मंजुळेने ऐटीत पडदा सारला. राजा मिरवत पुढे आला.

"अगं ताई, आधी गणपती!" गोप्या ओरडला. "गणपती नाचल्याशिवाय खेळ सुरू होतो का कुठे?"

मंजुळेने जीभ चावली. राजाच्या मिशा रंगवण्याच्या नादात गणपतीच राहिला होता! मुलं खिदळली. तिला रडूच कोसळणार होतं. खिडकीकडे पाहत ती पुटपुटली, "मूठभर माती दे गं."

हातात मऊ, ओली माती आली. मंजुळेने ती गोप्याच्या ओंजळीत घातली. "तुला आठवला ना? मग तूच कर."

गोप्याने जीभ बाहेर काढून गणपती घडवला. सोंड वाकडी, पोट मात्र भलंमोठं! ओल्या मातीत दोरा खोचून मंजुळा तो नाचवायला निघाली.

"माझा आहे तो! मीच नाचवणार!"

"ये की. पण दोरा वरून धरायचा असतो. बसून नाही जमायचं."

गोप्याने गणपतीकडे पाहिलं. मग पायांकडे पाहिलं. खोका ठेवलेलं स्टूल धरून तो उठला, लटपटला, आणि चक्क उभा राहिला! गणपती डुलूडुलू नाचू लागला. परीने इवल्या टाळ्या वाजवल्या. तिच्या पंखांतून सोनेरी, रुपेरी चुरा खोक्यावर सांडला, लख्ख उजेड पडला, आणि खिडकी रिकामी झाली.

आई अंगणात धावली. "अहो वैनी, इकडे या आधी! माझा गोप्या उभा राहिला! माझ्या मंजुळेनं उभा केला त्याला!"

सगळी आळी गोळा होईपर्यंत आई तेच तेच सांगत राहिली, आणि मंजुळेने तिला एकदाही थांबवलं नाही.