आवाजी मतदान

"मग खरे अण्णा कोणते, महाराज?"

प्रश्न मकरंद हिवाळेचा. विद्यापीठातला हुशार माणूस. तसं तो स्वतःच सांगे. आमदार-खासदारांची भाषणं चाळून कोण किती डावा, कोण किती उजवा, हे तो एका रेघेवर मांडत असे. विधानसभा आणि लोकसभा एकाच रेघेवर बसवायची, तर दोन्हीकडे निवडून गेलेला माणूस हवा. तो त्याला घरातच सापडला. दिवंगत वडील, अण्णासाहेब.

पण अण्णासाहेब मुंबईत रेघेच्या एका टोकाला निघाले आणि दिल्लीत दुसऱ्या.

केवळगिरी महाराज भर दुपारी गावाबाहेरच्या जुन्या घुमटात बसले होते. संन्यास घेण्याआधी विधानसभेत ते अण्णासाहेबांच्या शेजारीच बसत. म्हणून तर मकरंद आला होता.

"तुला रेघेचं पडलंय होय रे?"

मकरंद खालच्या आवाजात म्हणाला,

"धरणाच्या कायद्यानं आईचं गाव बुडालं. विधानसभेत तो आवाजी मतदानानं पास झाला, नावं कुठंच नाहीत. आई मरेपर्यंत अण्णांशी बोलली नाही... ते 'होय' म्हणाले होते का?"

"अन् तू असतास तर?"

"मी? मी 'नाही'च म्हटलं असतं. छातीठोक सांगतो."

महाराज उठले. घुमटाच्या मधोमध उभे राहिले.

"गाव उठवून धरण बांधावं, या प्रस्तावाला जे अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं."

...

बाहेरचा वारा पडला.

"होय."

आवाज भिंतीतून आला. मग दुसऱ्या भिंतीतून. मग चहूकडून. त्या गलक्यातला एक घोगरा आवाज मकरंदने लगेच ओळखला.

"अण्णा!"

त्याला वडिलांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

हळूहळू बाकीचे आवाज विरले. तो घोगरा तेवढा राहिला. होय... होय... थांबेचना.

महाराज जवळ आले. त्यांनी मकरंदच्या गळ्यावर हात ठेवला आणि किंचित दाबला.

घुमटातला आवाज बंद झाला.

...

"तू 'नाही' म्हणणार होतास ना रे?"